जपानी संपाची लोणकढी

जपानमधल्या एका बुटांच्या कारखान्यात कामगारांनी संप केला म्हणे. आपल्यासारखा नव्हे. दंडाला काळी फीत बांधली, रोजच्यापेक्षा जास्त काम उपसलं आणि फक्त डाव्या पायाचे बूट तयार केले. गोदामात डाव्या बुटांचा ढीग लागला, मालक वठणीवर आला, मागण्या मान्य झाल्या. मग कामगारांनी आनंदाने उजव्या पायाचे बूट केले, आणि देशाचं नुकसान झालं शून्य! एवढं सांगून वक्ता थांबतो, सभागृहावरून नजर फिरवतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो: "आणि आपल्याकडे?"

हे व्याख्यान एमआयडीसीतल्या गुणवत्ता सप्ताहात होतं, बँकेच्या प्रशिक्षणात होतं, शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या तोंडून होतं. एसटीचा संप असला की व्हॉट्सॲपवर त्याला ऊत येतो. कारखाना कुठल्या गावचा, संप कुठल्या साली, कामगारांची मागणी काय होती, हे मात्र कुणी सांगत नाही. आजवर कुणी विचारलंही नसावं. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे पगारवाढीची वाट बघणारे असतात, आणि वक्त्याला त्यांना या गोष्टीतून एकच सांगायचं असतं, की मागायचंच असेल तर राबून मागा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं, तेव्हा त्यांनीही दाखला दिला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन आणि जपानी लोकांचाच. बुटांच्या गोष्टीपेक्षा हा दाखला बरा, कारण त्याला निदान काळ आहे. काळ असला की तपासता येतो. तेव्हा युद्धानंतर जपानी कामगारांनी नेमकं काय केलं ते बघू.

त्याआधी ते डावे बूट निकालात काढू, त्याला फार वेळ लागत नाही. जपानी कारखानदारीची जगाला शिकवण म्हणून जी काही सांगितली जाते, त्यातली मोठी रचना टोयोटाच्या ताइची ओनो यांची. त्यांनी कारखान्यातल्या नासाडीचे सात प्रकार मांडले आणि त्यांत सर्वांत वाईट ठरवलं ते गरजेपेक्षा जास्त उत्पादन. जास्तीचा माल पैसा अडकवतो, जागा खातो आणि बाकीचे दोष झाकून ठेवतो, हे त्यांचं म्हणणं. म्हणजे आपला वक्ता ज्या गोदामाकडे बोट दाखवून गहिवरतो, ते ओनोंच्या हिशेबात पहिल्या क्रमांकाचं पाप आहे. दुसरी गंमत अशी, की टोयोटाच्या जुळणी साखळीवर डोक्याच्या वर एक दोरी असते. काम करताना काही चुकतंय असं दिसलं की साध्यातल्या साध्या कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत दोष निघाला नाही तर अख्खी साखळी थांबते. दोरी ओढली म्हणून शिक्षा नाही. काम थांबवण्याचा अधिकार कामगाराच्या हातात देणं हाच त्या पद्धतीचा कणा आहे. जपानकडून शिकायचंच तर ही दोरी शिकावी. पण दोरीवर व्याख्यान ठेवल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आता १९४५.

ऑगस्टमध्ये जपान शरण आला. शहरं जळालेली, रेशन अपुरं, आणि महागाई अशी की हातातला पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नसे. ऑक्टोबरमध्ये योमिउरी या टोकियोतल्या मोठ्या वर्तमानपत्राच्या कर्मचाऱ्यांनी सभा घेतली आणि मागणी केली, की युद्धाचा उदोउदो करणाऱ्या वरिष्ठांनी पायउतार व्हावं. मालक मात्सुतारो शोरिकी यांनी उलट पुढाऱ्यांनाच कामावरून काढलं. त्यावर कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं नाही. अंक निघत राहिला, फक्त तो कसा निघेल, त्यात काय छापलं जाईल हे संपादक-कंपोझिटरांनी ठरवायला सुरुवात केली. मालकाला त्यात जागा उरली नाही. डिसेंबरात शोरिकी संशयित युद्धगुन्हेगार म्हणून तुरुंगात गेले आणि कर्मचाऱ्यांचं पारडं जड झालं.

त्याच डिसेंबरात केइसेई रेल्वेच्या कामगारांनी पुढची पायरी गाठली. नारिता विमानतळावरून टोकियोत आणणारी स्कायलायनर ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हे नाव वाचलेलं असेल. या कामगारांनी गाड्या बंद केल्या नाहीत. आधी काही दिवस लोकांना फुकट नेलं. मग तिकिटाचे पैसे घ्यायला सुरुवात केली, पण गल्ला संघटनेच्या ताब्यात. गाड्या कोण चालवणार, दुरुस्ती कुठली आधी होणार, पगार किती वाटायचा, सगळं कामगारांची समिती बघू लागली. महिना संपायच्या आत कंपनीने मागण्या मान्य केल्या. कोळशाच्या खाणींत, यंत्रांच्या कारखान्यांत हे लोण पसरलं. त्याला उत्पादन-नियंत्रणाचा लढा म्हणत.

तेव्हा 'काम करून संप' जपानमध्ये खरोखर झाला होता. आमचे वक्ते अगदीच हवेत बोलत नाहीत! फरक एवढाच, की त्यात काळी फीत नव्हती आणि मालक केबिनमध्ये नव्हता. युद्धानंतर मालकवर्गाचा एक मोठा भाग मुद्दाम उत्पादन रेंगाळत ठेवत होता. भाव चढत होते, कच्चा माल दाबून ठेवण्यात उत्पादनापेक्षा जास्त नफा होता. कामगारांचं म्हणणं होतं, तुम्हाला चालवायचं नसेल तर आम्ही चालवतो. ही गोष्ट गुणवत्ता सप्ताहात सांगून बघा. पुढच्या वर्षी पाहुणे म्हणून बोलावणं यायचं नाही.

सरकारने आणि अमेरिकी लष्करी अमलाने हे फार काळ चालू दिलं नाही. १९४६ मध्ये या प्रकाराला बेकायदा ठरवण्याची पावलं पडली. मग १ फेब्रुवारी १९४७ ला देशव्यापी सार्वत्रिक संप ठरला. लाखो सरकारी कर्मचारी, रेल्वे, टपाल, शिक्षक. आदल्या दिवशी अमेरिकी लष्करी अमलाचे प्रमुख मॅकआर्थर यांनी बंदीचा हुकूम काढला. संप समितीचे प्रमुख याशिरो इइ यांना रात्री रेडिओवरून संप मागे घेतल्याचं जाहीर करावं लागलं, आणि बोलताना ते रडले. पुढच्या वर्षी सरकारी नोकरांचा संपाचा हक्क काढून घेण्यात आला. त्याच १९४८ च्या ऑगस्टमध्ये तोहो या चित्रपट कंपनीचा स्टुडिओ कर्मचाऱ्यांनी व्यापला होता, तो सोडवायला जपानी पोलिसांच्या मागे अमेरिकी रणगाडे आले, वर विमानं घिरट्या घालत होती. फक्त युद्धनौका तेवढी आली नाही, असं लोक नंतर म्हणत. दिग्दर्शक कुरोसावा याच तोहोचे. त्या संपानंतर ते बाहेर पडले आणि काही वर्षं दुसऱ्यांसाठी चित्रपट करत राहिले.

१९४९ पर्यंत जपानमधल्या नोकरदारांपैकी ५५.८ टक्के लोक संघटनांत होते. युद्ध संपलं तेव्हा हा आकडा शून्याजवळ होता. चार वर्षांत देशातल्या निम्म्याहून अधिक कामगारांनी संघटना बांधल्या, हे युद्धानंतरच्या जपानी मेहनतीचं कलम मूर्तींच्या दाखल्यातून गळालेलं दिसतं.

ज्या टोयोटाचे गोडवे गातो, तिचाही १९५० तपासावा. आदल्या वर्षी डॉज नावाच्या अमेरिकी बँकरने जपानी अर्थव्यवस्थेला कडक पथ्य लावलं, बाजार आटला, टोयोटा बुडायच्या बेतात आली. कामगारांनी १० टक्के पगारकपात सोसली, ती एका शब्दावर: कुणालाही काढणार नाही. बँकांनी कर्जासाठी अटी घातल्या आणि १९५० च्या वसंतात कंपनीने १,६०० जणांच्या 'स्वेच्छा' निवृत्तीची योजना पुढे केली. शब्द मोडला म्हणून संप पेटला. जूनमध्ये संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडलं. दोन हजारांवर कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, पण त्यांच्याबरोबर मालकाचीही खुर्ची गेली. आपल्याकडे कंपनी बुडवणारे प्रवर्तक लंडनला जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरियात युद्ध सुरू झालं, अमेरिकी सैन्याला ट्रक हवे झाले आणि कंपनी तरली. किइचिरो १९५२ मध्ये वारले; परत अध्यक्ष व्हायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. नोकरीची हमी आणि कामगार-व्यवस्थापन सल्लामसलत हे टोयोटाचं पुढचं सगळं वैभव या जखमेवर उभं आहे. कामगार काढले तर काय किंमत पडते हे कंपनीने एकदा मोजलं होतं.

पण जपानी संप म्हणजे काय हे समजायचं असेल, तर दक्षिणेला क्यूशू बेटावर ओमुता शहरात जायला हवं. तिथे मीइके ही मित्सुई कंपनीची कोळसा खाण होती. समुद्राखालून खणलेल्या बोगद्यांत माणसं काम करत. खाणकामगारांची संघटना देशातल्या सर्वांत बळकट संघटनांपैकी एक. क्यूशू विद्यापीठाचे प्राध्यापक इत्सुरो साकिसाका संध्याकाळी खाणकामगारांचे अभ्यासवर्ग घेत आणि पाळी करून आलेली माणसं तिथे बसून मार्क्सचं 'भांडवल' वाचत. साकिसाकांनी स्वतः त्याचं जपानीत भाषांतर केलेलं होतं. या वाचनाचा उपयोग असा झाला, की खाणीत छत कच्चं वाटलं तर आत जायचं की नाही, काम वाटून कसं द्यायचं, यात मुकादमाइतकाच संघटनेचा शब्द चालू लागला. कंपनीला खुपत होतं ते हे.

तोवर मध्यपूर्वेचं तेल स्वस्त झालं आणि कोळशाचे दिवस भरत आले. डिसेंबर १९५९ मध्ये कंपनीने बाराशेहून अधिक जणांना नावानिशी काढल्याच्या नोटिसा पाठवल्या. यादीत संघटनेचे तीनेकशे खंदे कार्यकर्ते होते. कामगारांनी नोटिसा परत केल्या. २५ जानेवारी १९६० ला कंपनीने टाळेबंदी केली आणि संघटनेने बेमुदत संप पुकारला. मार्चमध्ये कंपनीच्या आशीर्वादाने दुसरी संघटना निघाली. महिनाअखेरीस फाटकावर पहारा देणाऱ्या एका खाणकामगाराला भाडोत्री गुंडांनी भोसकून मारलं. उन्हाळ्यात मिकावा खाणीच्या कोळसा साठवणीच्या टाकीभोवती वीस हजारांच्या आसपास संपकरी आणि दहा हजारांवर पोलीस समोरासमोर उभे राहिले. देशभरातल्या संघटनांनी माणसं आणि पैसा पाठवला. खाणकामगारांच्या बायकांची वेगळी संघटना होती. चुलीपासून मोर्चापर्यंत सगळीकडे त्या होत्या. इकडे टोकियोत त्याच महिन्यांत अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखोंचे मोर्चे निघत होते आणि पंतप्रधान किशींना जावं लागलं. शांत, आज्ञाधारक, वाकून नमस्कार करणाऱ्या जपानचं हे १९६० साल!

संप हरला. नोव्हेंबरात तो मागे घेतला गेला; कामगार परतले, यादीतले परतले नाहीत. तीन वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९६३ च्या दुपारी, मिकावा खाणीत कोळशाच्या भुकटीचा स्फोट झाला. ४५८ माणसं मेली. आणखी ८३९ जणांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली. त्यांतले कितीतरी पुढची सगळी वर्षं स्मृती गमावून, घरच्यांना न ओळखता जगले. ज्या भुकटीने पेट घेतला ती वेळच्या वेळी साफ करणं, पाणी मारून ठेवणं हे सुरक्षिततेचं साधं काम. संघटनेचा खाणीतला शब्द मोडल्यावर माणसं कमी केली गेली होती आणि उत्पादन वाढवलं गेलं होतं. खटला वीसेक वर्षं चालला आणि १९९३ मध्ये न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं. संपाने उत्पादनाचं किती नुकसान झालं हे काढायला सगळेच पुढे असतात. मोडलेल्या संपाचा हिशेब मीइकेत आहे. खाण १९९७ मध्ये बंद झाली, तिचे अवशेष २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि पर्यटक फोटो काढतात.

आता रेल्वे. जपानी गाडी मिनिटभर उशिरा आली तर माफी मागतात, हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात; खरंच आहे ते. पण सरकारी रेल्वेच्या कामगारांना कायद्याने संपबंदी होती, तेव्हा त्यांनी शोधलेलं हत्यार बघा. त्यांनी नियम पाळायला सुरुवात केली. सिग्नल, वेग, तपासण्या, नियमावलीत जे जे लिहिलं आहे ते अक्षरशः. गाड्या रेंगाळल्या, कारण रोजचं वेळापत्रकच नियम थोडे बाजूला सारून चाललेलं होतं. काम न थांबवता केलेलं हे दुसरं आंदोलन, आणि तेही वक्त्यांच्या कामाचं नाही. १३ मार्च १९७३ ला सकाळी टोकियोच्या उत्तरेला आगेओ स्टेशनवर हजारो चाकरमान्यांचा संयम संपला. त्यांनी गाडीच्या काचा फोडल्या, स्टेशनमास्तरची खोली उद्ध्वस्त केली. पुढच्या महिन्यात टोकियो परिसरातल्या तीसहून अधिक स्टेशनांवर तेच. शिस्त जपान्यांच्या रक्तात असते, असं म्हणणाऱ्यांनी हे रक्त त्या सकाळी कुठे गेलं होतं ते सांगावं. रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या बदलापूरकरांना मात्र समजावून सांगायची गरज पडणार नाही.

१९७४ हे जपानी संपांचं शिखर. त्या एका वर्षात अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त चाललेले पाच हजारांवर संप झाले, आणि वसंतातल्या वेतन वाटाघाटींतून सरासरी ३२.९ टक्के पगारवाढ पदरात पडली. तेलाच्या भडक्याने महागाई तशीच होती. पुढच्या वर्षी, २६ नोव्हेंबरपासून आठ दिवस, सरकारी रेल्वे जवळजवळ पूर्ण थांबली. मागणी पगाराची नव्हती. संप करण्याचा हक्क परत द्या, यासाठीच संप होता. सरकार हललं नाही. भाजीपाला ट्रकने शहरांत पोचत राहिला, बाजार अडले नाहीत, आणि कामगारांच्या लक्षात आलं की मालवाहतूक रेल्वेच्या हातून कधीच निसटली आहे. रेल्वेने संघटनांवर २०.२ अब्ज येनच्या भरपाईचा दावा ठोकला. १९८७ मध्ये नाकासोने सरकारने रेल्वेचे तुकडे करून खासगीकरण केलं. त्यामागे कामगार संघटनेचं कंबरडं मोडायचा हेतू होता, हे नाकासोनेंनी निवृत्तीनंतर लपवलं नाही. १,०४७ जणांना नोकरी परत मिळाली नाही, आणि त्यांचा लढा २०१० मध्ये तडजोडीने मिटला.

त्या खासगी झालेल्या रेल्वेत २५ एप्रिल २००५ ला काय झालं ते तरी विसरता कामा नये. ओसाकाजवळ आमागासाकीला एका तरुण मोटरमनची गाडी आदल्या स्टेशनवर फलाटाच्या पुढे गेली, मागे घ्यावी लागली, दीडेक मिनिट गेलं. चूक केली की या कंपनीत 'प्रशिक्षण' मिळे: सहकाऱ्यांसमोर दिवसचे दिवस बसून पश्चात्तापाचे निबंध लिहायचे, वरिष्ठांची बोलणी खायची. तो एकदा त्यातून गेलेला होता. उशीर भरून काढण्याच्या घाईत वळणावर वेग आवरला नाही आणि डबे एका इमारतीत घुसले. त्याच्यासह १०७ माणसं गेली. चौकशी अहवालात त्या शिक्षापद्धतीवर स्पष्ट बोट ठेवलं आहे. १९७३ मध्ये नियमाच्या वेगाने गाडी चालवणाऱ्यांना काय काय म्हटलं गेलं होतं ते आठवून हे वाचावं.

यावर उत्तर ठरलेलं आहे: बरं, पूर्वी झाले असतील संप, आज तर होत नाहीत ना? होत नाहीत, हे खरं. अलीकडच्या वर्षांत देशभरातले मोठे संप शंभराच्याही खाली आहेत आणि संघटनांतलं प्रमाण २०२३ मध्ये १६.३ टक्क्यांवर आलं. अनेक कंपन्यांत व्यवस्थापन आणि संघटना खरोखर एकत्र बसून बोलतात, त्यातून कामगारांचा फायदाही झाला आहे. ते नाकारायचं कारण नाही. पण शांततेची पावतीही बघा. जपानमधलं खरं वेतन तीस वर्षं जवळपास जागच्या जागी राहिलं. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूसाठी वेगळा कायदा करावा लागलेला देश जपान आहे, आणि हा कायदा २०१४ चा. पुढच्याच वर्षी देंत्सू या जाहिरात कंपनीतल्या चोवीस वर्षांच्या एका मुलीने कामाच्या ताणाखाली जीव दिला. न्यायालयाने कंपनीला दंड केला तो पाच लाख येन, आपले तीन लाख रुपये. सत्तर तासांचे पुरस्कर्ते हा आकडा कुठे मांडतात?

आणि ती फीत. जपानी संघटनांत दंडाला पट्टी किंवा छातीला रिबीन लावून काम करण्याची पद्धत होती, हे खरं आहे. टोकियोच्या हॉटेल ओकुरामध्ये कर्मचाऱ्यांनी तशा रिबिनी लावल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की कामाच्या वेळेत रिबीन लावणं हे संघटनेचं वैध कृत्य नाही. म्हणजे आमच्याकडे ज्या फितीला आदर्श निषेध म्हणून टाळ्या मिळतात, ती खुद्द जपानच्या मालकांना एवढी झोंबली की भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं.

संप पूर्ण मेलाही नाही. सप्टेंबर २००४ मध्ये व्यावसायिक बेसबॉल खेळाडू दोन दिवस मैदानात उतरले नाहीत; संघमालक परस्पर संघ विलीन करायला निघाले होते. योमिउरी जायंट्सच्या मालकांनी खेळाडूंना कस्पटासमान लेखलं आणि लोक खेळाडूंच्या बाजूने गेले. १९४५ चं तेच योमिउरी, बरं का. ३१ ऑगस्ट २०२३ ला टोकियोत इकेबुकुरोचं सेइबू हे अवाढव्य दुकान दिवसभर बंद राहिलं. दुकान एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकायला कामगारांचा विरोध होता. अशा दुकानातला हा ६१ वर्षांतला पहिला संप. स्पर्धक दुकानांच्या संघटनांची माणसं पाठिंब्याला आली होती. विक्री तरीही झाली.

बूट मात्र राहिलेच. जगातले नामांकित खेळाचे बूट जिथे सर्वांत जास्त तयार होतात, ती यू युएन ही तैवानी मालकीची कंपनी. एप्रिल २०१४ मध्ये तिच्या दक्षिण चीनमधल्या तुंगक्वान इथल्या कारखान्यांत चाळीस हजारांवर कामगारांनी काम थांबवलं. कंपनी वर्षानुवर्षं सामाजिक विम्याचा हप्ता कमी भरत आली आहे, हे निवृत्त होणाऱ्यांच्या हिशेबातून बाहेर आलं होतं. कुणी डावा बूट केला नाही, कुणी उजवा केला नाही. चीनच्या राज्यघटनेत संपाचा हक्क होता, तो १९८२ मध्ये काढून टाकला. स्वतंत्र संघटना काढता येत नाही. तरीही दोन आठवडे कारखाने ठप्प राहिले आणि शेवटी थकलेला विमा भरण्याचा हुकूम सरकारने कंपनीला दिला. पुढच्या वर्षी त्याच तैवानी उद्योगसमूहाच्या हो चि मिन्ह शहरातल्या कारखान्यात नव्वद हजारांच्या घरात कामगार बाहेर पडले. त्यांचं भांडण कंपनीशी नव्हतं, निवृत्तिवेतनाचा पैसा अडकवून ठेवणाऱ्या नव्या कायद्याशी होतं. व्हिएतनामच्या एकपक्षीय सरकारने तो बदलला.

त्याआधी, मे २०१० मध्ये, होंडाच्या फोशान इथल्या गिअरबॉक्स कारखान्यात दोन कामगारांनी साखळीवरचं आणीबाणीचं बटण दाबलं. अठराशेच्या आसपास माणसं बाहेर आली. सरकारी संघटनेचे लोक त्यांना आत ढकलायला आले, हाणामारी झाली. काही दिवसांत होंडाच्या चीनमधल्या चारही मोटार कारखान्यांत जुळणी बंद पडली, कारण लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच, या जपानी शिस्तीत गिअरबॉक्सचा साठा ठेवलेलाच नव्हता. पगार तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वाढला. जपानी पद्धतीतली सगळ्यात नाजूक जागा कुठली, हे त्या विशीतल्या पोरांना कुठल्याही सल्लागाराशिवाय कळलं होतं.

महाराष्ट्रात बुटांची गोष्ट का रुजली, याचं उत्तर गिरणगावात आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, अडीच लाख कामगारांचा संप संपल्याचं कुणी जाहीरच केलं नाही, आणि त्या राखेवर जे मॉल नि टॉवर उभे राहिले, त्यांच्या सभागृहांत संप हा शब्द नुकसान या अर्थानेच उरला. हरलेल्या माणसाला दुसऱ्या देशातल्या गुणी माणसाचा दाखला देणं सोपं जातं. तो दाखला आता धोरणात उतरतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याची मुभा मंजूर केली. जपानने एप्रिल २०१९ पासून उलट केलं: जादा कामावर कायद्याची मर्यादा आणली, अपवादात्मक परिस्थितीतही वर्षाला ७२० तासांपलीकडे नाही, आणि ती मोडणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.